पाचवा महिना चालू आहे, ड्यूटी कोविड मजल्यावर लावलीय. लेखी बदली कशी मागायची?

येळ्ळूरची सून, २७ जून २०२१

नमस्कार. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मला नोकरी सोडायची नाही, तिथंच करायची आहे. काम दवाखान्याचं, पगार मात्र एजन्सीकडून. मूळ पगार १४,५००.

मला पाचवा महिना चालू आहे, नोव्हेंबरातली तारीख दिलीय. काल रात्री ग्रुपवर जुलैची ड्यूटी लिस्ट आली. त्यात माझं नाव तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे कोविडच्या.

मे महिन्यासारखी परिस्थिती आता नाही हे खरं. तेव्हा व्हरांड्यात सिलिंडर लावून माणसं झोपवली होती. आता रुग्ण कमी झालेत, पण उरलेत ते जास्त बिघडलेले, बरेचसे बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवर. तिथं रक्त काढायचं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. दोन-दोन ग्लोव्ह्ज घातलेले, त्यामुळं शीर बोटाला नीट लागत नाही. गॉगलवर वाफ धरलेली. मग वाकावंच लागतं, तोंड रुग्णाच्या दंडाजवळ नेल्याशिवाय सुई टोचता येत नाही. आणि त्याचा मास्क जरा सैल असला की मशीनची हवा सरळ आपल्या तोंडावर येते. डी-डायमर, सीआरपी, सीबीसी या रक्ताच्या तपासण्या, एकेका रुग्णाचं हे रोज.

एप्रिलमध्ये मी तिथंच होते. किट चढवायच्या आधीपासून पाणी बंद करायचो आम्ही सगळ्याजणी, कारण सहा तास किट उतरवता येत नाही. त्यात मला लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप आला. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पोटात बाळ असताना पाणी तोडणं अजिबात चालणार नाही. मी लॅब इन्चार्जना सांगितलं, त्यांनी तोंडी खालच्या लॅबमध्ये घेतलं, बायोकेमिस्ट्रीत. आता दोन मुलं नोकरी सोडून गेली, म्हणून परत वर.

लस अर्धीच झालीय. जानेवारीत आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर पहिला डोस घेतला. मार्चमध्ये दुसऱ्याला गेले तोवर दिवस राहिल्याचं कळलं होतं, केंद्रावरून परत पाठवलं, गरोदर बायकांना देत नाही म्हणाले.

आज सकाळी एच.आर.कडे गेले. ते म्हणाले, “सगळ्या बायकांनी असं मागितलं तर दवाखाना कुणी चालवायचा? घरी बसवून पगार द्यायला आम्हाला परवडत नाही. नको असेल तर राजीनामा द्या, बाळंतपण झालं की या, बघू.” वर इंग्रजीत टाईप केलेला एक कागद पुढं केला. मी स्वखुशीनं कोविड मजल्यावर काम करते, मला किंवा बाळाला काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही, असं त्यात आहे. सही केलेली नाही. उद्या मागणार आहेत.

मला घरी बसायचं नाही. कामाची चोरी मी कधी केली नाही. मला खालच्या लॅबमध्ये पूर्ण वेळ काम द्या, एवढंच म्हणणं आहे, पण ते तोंडी नको, कागदावर पाहिजे. तोंडी दिलेलं कधी काढून घेतात ते आता बघितलंच. आमचे हे उद्यमबागेत लेथवर आहेत, त्यांचं काम अजून अर्धंच सुरू झालंय, त्यामुळं राजीनामा परवडणारा नाही. कायदा काय म्हणतो, अर्ज कुणाला करायचा, कुठल्या भाषेत, कुणाला माहीत असेल तर सांगा.


लॅबवाला कणबर्गी, २७ जून

ताई, मी वीस-एक वर्षं याच धंद्यात आहे. त्या कागदावर सही करू नका. अगदीच अडवून धरलं तर सहीच्या वर “मला मान्य नाही, दबावाखाली सही” असं हातानं लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२० मध्येच दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढलीय. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कर्मचाऱ्यांनी आपली स्थिती दवाखान्याच्या प्रशासनाला कळवायची, म्हणजे त्यांची नेमणूक फक्त नॉन-कोविड भागात करता येईल, असं त्यात साफ लिहिलंय. ती सूचना आहे, कायद्याचं कलम नव्हे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण कुठल्याही प्रशासनाला “मंत्रालयाची सूचना आम्ही पाळत नाही” असं लेखी देणं जड जातं. म्हणून तुमच्या अर्जात तिचा उल्लेख पाहिजेच. आणि “कळवायचं” हे तुमच्याकडून आहे, तर ते लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं उद्या त्यांना आठवणार नाही.

आणखी एक सांगतो, हे कुणी सांगत नाही. “खाली द्या” एवढंच लिहू नका. खाली म्हणून तुम्हाला हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात तिथं टाकतील. तिथं फॉर्मेलिन आणि झायलीन ही रसायनं दिवसभर नाकात जातात, या दिवसांत तिथं बसायचं नाही. एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत रुग्णाला धरायला बोलावलं तरी जायचं नाही. बायोकेमिस्ट्री किंवा हिमॅटॉलॉजी (रक्तपेशींची तपासणी), दिवसपाळी, बसून करायचं काम, असं नाव घेऊन लिहा. खाली येणारी नळीही कोविड रुग्णाचीच असू शकते, तेव्हा मास्क आणि ग्लोव्ह्ज खालीही सोडायचे नाहीत. सेंट्रिफ्यूज (रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवायचं मशीन) थांबल्याबरोबर झाकण उघडायची आपल्याकडच्या पोरांना सवय असते, ते काम काही दिवस दुसऱ्या कुणाला करू दे.


निपाणीची आक्का, २७ जून

लेकी, आधी सांग, पगाराच्या चिठ्ठीत ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कापतात का? किती कापतात? त्यावर सगळं अवलंबून आहे. मी विडी कामगार बायकांबरोबर युनियनमध्ये उभी राहिलेली बाई आहे, हापिसाच्या पायऱ्या मला पाठ आहेत. चिठ्ठी बघून सांग, मग बोलू.


येळ्ळूरची सून, २७ जून

आक्का, आत्ताच बघितलं. १०९ रुपये कापलेत, पुढं ई.एस.आय. असंच लिहिलंय. कार्ड मात्र मला कधी दिलेलं नाही.


निपाणीची आक्का, २८ जून

१०९ म्हणजे बरोबर. १४,५०० वर पाऊण टक्का तुझा, आणि सव्वातीन टक्के मालकानं भरायचे. पगार २१,००० च्या आत असला की ई.एस.आय. लागू.

आता ध्यान देऊन वाच. तुझ्या एच.आर.चं “घरी बसवून पगार द्यायला परवडत नाही” हे बोलणं खोटं आहे. ई.एस.आय. लागू असलेल्या बाईचा बाळंतपणाचा पगार दवाखाना देत नाही आणि एजन्सीही देत नाही, तो ई.एस.आय. महामंडळ देतं. २६ आठवडे, सरासरी रोजाच्या पूर्ण हिशेबानं. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. गरोदरपणामुळं किंवा बाळंतपणामुळं आजारी पडलीस तर आणखी एक महिना. आधीच्या दोन अंशदान काळांत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, ती तुझी असणारच. म्हणजे त्यांच्या खिशातला रुपया जात नसताना तुला राजीनामा द्यायला सांगतात. का सांगतात? तू गेलीस की जागी दुसरी आणायची आणि हिशेब मिटवायचा, एवढंच.

राजीनामा लिहून देऊ नकोस. ई.एस.आय. कायद्याचं कलम ७३ आहे. बाई बाळंतपणाचा लाभ घेत असताना, किंवा गरोदरपणातल्या आजारानं दाखला देऊन घरी असताना मालकाला तिला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. पण आपल्या हातानं राजीनामा दिलास तर ते कलम तुझ्या काय कामाचं? त्यामुळं एप्रिलसारखा त्रास परत झाला तर अंगावर काढू नकोस, ई.एस.आय.च्या डॉक्टरचा दाखला घे. खासगी डॉक्टरची चिठ्ठी चालेलच असं नाही.

आणि मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. तुझ्या पगारातनं कापलेत, ते भरलेत का? कार्ड दिलेलं नाही म्हटल्यावर मला शंका येते. एजन्सीकडनं विमा क्रमांक माग. ई.एस.आय.च्या संकेतस्थळावर त्या क्रमांकानं कुठल्या महिन्याची वर्गणी जमा झाली ते दिसतं. भरली नसेल तर एजन्सीमागं धावत बसू नकोस, कलम ४० प्रमाणं मूळ मालकाची, म्हणजे दवाखान्याचीच जबाबदारी आहे.

भाषेचं विचारलंस. मराठीत दे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. आमच्या विडीवाल्या बायकांचे अर्ज आम्ही मराठीतच दिले. पण तुला काम लवकर व्हायला पाहिजे, नोव्हेंबर काही थांबणार नाही. म्हणून मराठीच्या मागं कन्नड प्रत जोड. कारकुनाला वाचता आली की फाईल त्याच दिवशी आत जाते.


सिस्टर वडगाव, २८ जून

कुणी रागावू नका, पण दुसरी बाजूही कुणीतरी लिहायला पाहिजे. मी स्टाफ नर्स आहे. आमच्याकडं गेल्या वर्षी दोघी गरोदर होत्या, दोघींना नॉन-कोविडला घेतलं, आनंदच झाला. पण त्यांच्या रात्रपाळ्या आमच्या माथी आल्या. जादा माणूस भरला नाही, भत्ता दिला नाही. माझी सासू शुगरची, घरात लहान मुलगा, मी पंधरा-पंधरा दिवस मागच्या खोलीत वेगळी झोपले. सवलत मिळते तिला हक्क, आणि उरलेल्यांना काय? एका मजल्यावर काम करणाऱ्या बायकांमध्ये यानं मन फाटतं, हे मी डोळ्यानं बघितलंय.


येळ्ळूरची सून, २८ जून

सिस्टर, राग अजिबात नाही. हेच माझ्या मनात होतं, म्हणून मे महिन्यात मी गप्प होते. खाली बसून वरच्या मुलींचे फोन ऐकायचे, “अजून कुणी पाठवा” म्हणून, ते सोपं नव्हतं.

पण माझ्या जागी माणूस भरणं हे दवाखान्याचं काम आहे, तुमचं नाही आणि माझंही नाही. दोन मुलं सोडून गेली ती का गेली? पगार वेळेवर नाही म्हणून. ती दोन पदं भरली असती तर आज माझं नाव त्या लिस्टमध्ये आलंच नसतं. मी अर्जात तेही लिहिणार आहे: रिकामी पदं भरावीत, आणि मी खाली बसून वरच्या मजल्याचे सगळे नमुने लावायला, रिपोर्ट टाईप करायला, फोनवर देऊन टाकायला तयार आहे. तो भार तरी वरच्या मुलींवरून उतरेल. आणखी काही सुचत असेल तर सांगा, खरंच सांगा.


सिस्टर वडगाव, २८ जून

हे लिहिणार असशील तर माझं म्हणणं संपलं. एक घाल: सकाळचा सातचा रक्ताचा राउंड नर्सेस करतील, पण नमुने खाली न्यायला वॉर्डबॉय ठरवून द्यावा. निम्मा वेळ त्यातच जातो.


शहापूरवाली, २९ जून

मी साडीच्या दुकानात काउंटरवर होते. आमच्याकडं ई.एस.आय. नव्हतं, तर तसल्या बायकांसाठी लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्हाला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की दुकानालाही लागू. २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवडे भरपगारी, दोन मुलं आधीच असतील तर १२. बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. आधीच्या सुट्टीचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात, उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत.

आमचे शेठ म्हणाले, तू कायम नाहीस, रोजंदारीवर आहेस. तर दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००० साली सांगून ठेवलंय की रोजंदारीवरच्या बाईलाही हा लाभ द्यायचा. ते छापून नेलं तेव्हा बोलणं बदललं. शेवटी मला १२ आठवड्यांचेच मिळाले, पुढचं भांडायला अंगात ताकद नव्हती, पदरात बाळ होतं.

आणि उभं राहण्याचं. काउंटरमागं स्टूल ठेवू देत नव्हते, गिऱ्हाईक आलं की बसलेलं दिसू नये म्हणून. संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे, सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात बाईनं मागितलं तर फार वेळ उभं राहण्याचं किंवा अवघड काम देता येत नाही. शिवाय कायद्याचा गोषवारा त्या भागातल्या भाषेत कामाच्या जागी लावायचा असतो. आमच्या दुकानात तो कन्नडमध्ये नव्हता आणि मराठीतही नव्हता.


आशा खानापूर, ३ जुलै

येळ्ळूरच्या ताई, बातमी बघितली का? कालच, २ जुलैला केंद्रानं गरोदर बायकांना कोविडची लस द्यायला परवानगी दिली. तुमचा दुसरा डोस राहिलाय, तो आता घेता येईल. घ्यायच्या आधी तुमच्या डॉक्टर मॅडमना विचारा, तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड) बरोबर न्या. केंद्रावरच्या माणसाला अजून आदेश माहीत नसेल, तर भांडू नका, पी.एच.सी.च्या डॉक्टरना फोन लावून द्या.

आमच्या भागातल्या बायका घाबरतात, बाळाला काही होईल म्हणतात. मी त्यांना सांगते, गरोदरपणात, त्यातही शेवटच्या महिन्यांत कोविड झाला तर आयसीयूपर्यंत जायची आणि दिवस भरायच्या आधी बाळंत व्हायची भीती जास्त असते. मी स्वतः मे महिन्यात एका बाईला बेळगावला पोचवून आले, आठव्या महिन्यात होती. आई आणि बाळ दोघं आहेत, पण ते दिवस मला आठवू नयेत असे वाटतात.

आणि लस घेतली म्हणून कोविड मजल्यावर जायला तयार होऊ नका. एच.आर. आता तेच म्हणेल बघा.


येळ्ळूरची सून, ९ जुलै

सगळ्यांना कळवते. एच.आर. खरंच तेच म्हणाले, “आता लस चालते, मग अडचण काय?” मी म्हटलं, लस मी घेणारच आहे, मॅडमनी होकार दिलाय, पण सूचना नॉन-कोविड नेमणुकीची आहे आणि ती लसीनं रद्द झालेली नाही. अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या, एक दवाखान्याला, एक एजन्सीला. एजन्सीनं लगेच घेतली. दवाखान्यात आवक शिक्का मारायला नको म्हणत होते, म्हणून त्यांच्यासमोरच बाकावर बसून तोच अर्ज ई-मेल केला. मग शिक्का मिळाला.

काल पत्र आलं. बायोकेमिस्ट्री, दिवसपाळी. फक्त त्यात “३१ जुलैपर्यंत तात्पुरती सोय” असं लिहिलंय. हे मला मान्य नाही. बाळंतपणाची रजा सुरू होईपर्यंत असं स्पष्ट लिहून द्या, म्हणून आज परत पत्र दिलं. जबाबदारी नाकारणारा तो इंग्रजी कागद पुन्हा कुणी काढला नाही. वॉर्डबॉय ठरवून दिलाय, सिस्टर, तुमची सूचना त्यांनी जशीच्या तशी घेतली. रिकामी पदं मात्र अजून भरलेली नाहीत, आणि वरच्या मुली अजून जादा पाळ्या करतात.

आक्का, तुमची शंका खरी निघाली. विमा क्रमांक मिळाला, पण एप्रिल आणि मेची वर्गणी जमा दिसत नाही, पगारातून कापलेली असूनसुद्धा. मार्चपर्यंतची आहे. आता काय करू?


निपाणीची आक्का, ९ जुलै

मार्चपर्यंतची आहे म्हणजे तुझे ७० दिवस बहुतेक त्यातच बसतात, झोप उडवून घेऊ नकोस. पण सोडायचंही नाही. एप्रिल आणि मेच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेच्या पासबुकाचं ते पान आणि संकेतस्थळावरच्या नोंदीचा प्रिंट जोडून ई.एस.आय.च्या शाखेत लेखी तक्रार दे. तक्रारीत एजन्सी आणि दवाखाना दोघांचीही नावं घाल. ई-पहचान कार्डही तिथंच माग, बाळंतपणाच्या अर्जाला लागेल. सोमवारी सकाळीच जा, उन्हात रांगेत उभी राहू नकोस, घरातलं कुणीतरी बरोबर ने.


येळ्ळूरची सून, ९ जुलै

सोमवारी आमचे हे येतात बरोबर. मराठी अर्ज तयार आहे. कन्नड प्रत मीच मोबाईलवर टाईप केलीय, पण शाळेत शिकलेलं कन्नड, चुका असतील. कुणी रविवारपर्यंत वाचून देईल का?


सिस्टर वडगाव, ९ जुलै

मला पाठव. माझं सगळं शिक्षण कन्नड माध्यमातलं. उद्या रात्रपाळी आहे, परवा दुपारपर्यंत बघून देते. आमच्या तिघींची वर्गणीही तपासायची आहे, तो विमा क्रमांक संकेतस्थळावर कुठं घालायचा तेवढं मला सांग.